सांगली-मिरज सामना वगळू नका, मैदानाचे तुकडे करू नका

प्रति,
मा. पदाधिकारी, फुटबॉल स्पर्धा समिती
आणि मैदानाचा कारभार पाहणारे मा. अधिकारी

विषय: क्लबांची साखळी स्पर्धा बंद करणे, सांगली-मिरज सामना वगळणे आणि मैदानाचा अर्धा भाग टर्फसाठी देणे या निर्णयांबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

येत्या हंगामापासून गल्लीपेठांतल्या क्लबांची साखळी स्पर्धा होणार नाही, तिच्या जागी खेळाडूंचा लिलाव करून सहा संघांची लीग भरवली जाईल, असे आपण जाहीर केले. त्या लीगमध्ये सांगलीचा संघ विरुद्ध मिरजेचा संघ असा सामना वाद टाळण्यासाठी ठेवलेला नाही. आणि मोठ्या मैदानाचा अर्धा भाग जाळी मारून तासाच्या भाड्याने द्यायच्या कृत्रिम गवताच्या टर्फसाठी दिला जाणार आहे. हे ठरवताना एकाही क्लबला बोलावले गेले नाही. आम्ही आपल्या कार्यालयात अर्ज देऊ शकलो असतो, पण हा प्रश्न आमच्यापुरता नाही. दोन्ही गावांत संध्याकाळी पोराला घेऊन मैदानावर जाणाऱ्या प्रत्येकाला तो कळायला हवा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

सह्या करणारे निम्मे सांगलीचे आहेत, निम्मे मिरजेचे. काही जण क्लबकडून खेळलेले, काहींनी पंच म्हणून शिट्टी वाजवलेली, काही जण सामन्याच्या सकाळी पांढऱ्या फक्कीने रेघा मारणारे, आणि बाकीचे सगळे जन्मभराचे पाठीराखे. सामन्याच्या दिवशी आम्ही समोरासमोरच्या कडेला उभे असतो आणि एकमेकांच्या संघाबद्दल चांगला शब्द काढत नाही. तेच लोक आज एका कागदावर सह्या करत आहेत, याची आपण नोंद घ्यावी.

या दोन गावांतली चुरस फुटबॉलने आणलेली नाही. 1801 साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला आपले ठाणे केले, तेव्हापासून ती आहे. दोन गावांत अंतर जेमतेम दहा किलोमीटर. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, घरपट्टीच्या पावतीवर एकच नाव आले, पण म्हणून मिरजकर सांगलीकर झाला नाही. फुटबॉलने या चुरशीला नव्वद मिनिटांची वेळ घालून दिली, पंच दिला आणि चारी बाजूंनी पांढरी रेघ आखून दिली. एवढी जुनी चुरस इतक्या स्वस्तात आणि इतक्या नियमात दुसरीकडे कुठे बसवता येईल, हे आम्हाला तरी दिसत नाही.

लिलावाबद्दल

क्लब चालतो कसा, ते आधी मांडतो, कारण लिलावाची कल्पना ज्यांनी आणली त्यांच्यासमोर हा हिशेब नसावा.

प्रत्येक क्लबची एक वही असते. तिच्यात खेळाडूचे नाव, जन्मतारीख, घरच्यांचा फोन, जुनी दुखापत आणि जर्सीचा नंबर लिहिलेला असतो. वर्गणीच्या पावत्या त्याच वहीत खोचलेल्या. अकरा जण खेळवायचे तर किमान अठरा जणांची नोंद लागते, कारण हंगामात दोघे-तिघे परीक्षेमुळे, एक-दोघे घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे आणि एखादा पिवळ्या कार्डांमुळे बाहेर राहतोच. दोन रंगांच्या जर्सी लागतात, कारण समोरच्याचा रंग आपल्यासारखा निघाला तर पंच सामना सुरू करत नाहीत. सरावाला पाच नंबरचे आठ-दहा चेंडू आणि सामन्याला चांगले दोन. हा सगळा खर्च गल्लीतल्या किराणा दुकानापासून हळदीच्या अडत्यापर्यंत सगळ्यांच्या वर्गणीतून निघतो. लोक वर्गणी देतात ती गल्लीच्या नावाला. त्या नावाच्या जागी बोली लावणाऱ्याचे नाव आले, तर पावती पुस्तक घेऊन कुणाच्या दारात जायचे?

वहीच्या मागच्या पानांवर चौदा वर्षांखालच्या पोरांची नावे असतात. क्लबचे खरे काम तिथे चालते. थोरल्यांचा सराव संपेपर्यंत ही पोरे कडेला बसून असतात आणि गोलमागे गेलेला चेंडू आणून देतात. पाच-सहा वर्षांनी त्यातलीच दोघे-तिघे पहिल्या अकरात येतात. लिलावातला संघ तीन आठवड्यांसाठी उभा राहतो. त्याला मागची पाने नसतात. तो खेळाडू घेतो, घडवत नाही, आणि जखमी झालेल्या खेळाडूच्या गुडघ्याचा एमआरआय कोण करणार, हे आपल्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेले नाही.

खेळाच्या बाजूनेही हे जमणार नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांची झुंज बरीचशी दोघांची असते, तिथे आठवड्यापूर्वी जमवलेला संघ चालून जातो. फुटबॉलमध्ये मागच्या चौघांनी एकाच वेळी पुढे सरकायचे असते. चेंडू आपला खेळाडू दूर मारतो त्या क्षणी चौघे पाच-सहा पावले वर येतात, म्हणजे समोरचा फॉरवर्ड त्यांच्या पलीकडे राहून ऑफसाइड सापडतो आणि त्याला दिलेला चेंडू चालत नाही. त्यातला एक जण दोन पावले मागे राहिला, की सगळी रेघ फुकट जाते आणि गोलकीपर एकटा पडतो. ही सवय एकत्र सराव करून लागते, महिन्यांनी लागते. ती नसली की बचावपटू घाबरून आपल्या गोलजवळ दाटी करतात, मधली फळी आणि बचाव यांत तीस-तीस मीटरचे अंतर पडते, आणि सामना म्हणजे नुसते लांब चेंडू मारणे आणि त्यामागे पळणे एवढेच उरते. असा सामना पाहायला पहिल्या रविवारी गर्दी होईल. तिसऱ्या रविवारी होणार नाही.

पैसेवाल्याच्या हौसेवर उभा केलेला संघ किती टिकतो, ते आपल्याच राज्यात दिसले आहे. पुण्यात भारत एफसी 2014-15 चा एक हंगाम खेळला आणि बंद झाला. एफसी पुणे सिटी 2014 साली इंडियन सुपर लीगमध्ये आला आणि 2019 साली गुंडाळला गेला. त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पुण्यातल्या ज्या पोरांनी नारिंगी जर्सी विकत घेतल्या होत्या, त्यांच्या हातात त्या जर्सीशिवाय काही राहिले नाही. उलट पंचगंगेच्या काठी पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे पिढ्यान्पिढ्या टिकून आहेत, कारण ती पेठेची आहेत. शाहू स्टेडियम भरते ते या नावांवर. ज्या कोल्हापुरात हे वातावरण आहे तिथलाच अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

इंग्लंडमधले एक उदाहरण आपण मुद्दाम तपासून पाहावे. विम्बल्डनचा क्लब शंभर किलोमीटरच्या आत, मिल्टन कीन्स या गावी हलवायला 2002 साली परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, नवव्या पायरीच्या स्पर्धेपासून सुरुवात केली, 2011 साली व्यावसायिक लीगमध्ये पोहोचले आणि 2020 साली प्लाऊ लेन या आपल्या जुन्या भागात नवे मैदान बांधून परत आले. अधिकारी आणि मालक संघ हलवू शकले, पाठीराख्यांना हलवू शकले नाहीत.

बाहेरचे खेळाडू अजिबात नकोत, असे आमचे म्हणणे नाही. चांगला स्ट्रायकर बाहेरून आला तर आमच्या पोरांना त्याच्यासमोर खेळायला मिळते. पण अकरांत एका वेळी तिघांपेक्षा जास्त नकोत, आणि नोंदणी हंगाम सुरू होण्याआधी बंद व्हावी. उपान्त्य फेरीच्या आदल्या रात्री नवा खेळाडू उतरवला जातो, तेव्हा वर्षभर सरावाला येणारा मुलगा बाकावर बसतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. हा दोष सध्याच्या साखळीत आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. त्यावर इलाज नियमात आहे, लिलावात नाही.

सामना वगळण्याबद्दल

सांगली-मिरज सामन्याला हमरीतुमरी होते, कधी सामना थांबतो, हे खरे आहे. पण ती का होते, याचा विचार न करता सामनाच काढून टाकला गेला. मैदानावर उभे राहणाऱ्या कुणालाही कारणे सांगता येतील.

लोकांना आत-बाहेर करायला एकच फाटक उघडे असते, त्यामुळे सामना संपल्यावर जिंकलेले आणि हरलेले एकाच अरुंद वाटेने खांद्याला खांदा लावून बाहेर पडतात. बहुतेक भांडणे तिथे होतात, मैदानात नाही. टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या रेघेला, लागून लोक उभे राहतात, मग थ्रो-इन घेणाऱ्याचा शर्ट कुणीतरी ओढतो, सहायक पंचाला धावायला जागा राहत नाही, तो लोकांच्या डोक्यावरून पाहत झेंडा वर करतो आणि ऑफसाइडचा निर्णय चुकतो. त्या चुकीवरून पुढचा गोंधळ. तिसरे, पंच दोनपैकी एका गावचे असतात. ते कितीही प्रामाणिक असले तरी पहिल्या पेनल्टीला त्यांचे गाव विचारले जाते. आणि सामना दिवसातला शेवटचा ठेवतात. आधीचे सामने लांबले की हा सामना सव्वापाचला सुरू होतो, हिवाळ्यात सहानंतर उजेड कमी होतो, शेवटची वीस मिनिटे चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही हे कुणालाच धड दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच गोल होतो.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. रेषेपासून तीन मीटर मागे बांबू रोवून दुहेरी दोरखंड बांधायचा. मिरजेच्या लोकांना एक कड, सांगलीच्या लोकांना समोरची कड, आणि दोन्ही गोलमागची जागा रिकामी. दोन फाटके वेगळी. सामना संपल्यावर पाहुण्या गावाचे लोक आधी सोडायचे आणि दहा मिनिटांनी यजमानांचे. पंच आणि दोन्ही सहायक कोल्हापूर किंवा साताऱ्याहून बोलवायचे, त्यांचा प्रवासखर्च दोन्ही क्लबांनी निम्मा-निम्मा द्यायचा. सामना दुपारी साडेतीनला, त्या दिवशीचा पहिला. फटाके आणि रंगीत धूर आत आणू द्यायचे नाहीत. प्रत्येक क्लबने पट्टी बांधलेले वीस स्वयंसेवक आपल्याच लोकांसमोर, मैदानाकडे पाठ करून उभे करायचे. मैदानाकडे तोंड करून उभा असलेला स्वयंसेवक सामना पाहतो, गर्दी पाहत नाही; हे पोलिसांनाही लागू आहे.

कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याला 16 पाठीराखे मेले. इतके होऊनही तिथे तो सामना बंद केला गेला नाही. 1997 साली याच दोन संघांच्या सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख एकतीस हजारांवर लोक आले होते. ऑगस्ट 2024 मध्ये बंदोबस्ताचे कारण देऊन ड्युरंड चषकातला त्यांचा सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही क्लबांचे पाठीराखे आपापल्या जर्सी घालून एकत्र रस्त्यावर उतरले आणि शहरातल्या एका डॉक्टर मुलीसाठी न्याय मागत राहिले. ज्यांच्यात वैर आहे असे आपण समजता, ते लोक एकमेकांना किती जवळून ओळखतात, हे त्या दिवशी दिसले. सांगली-मिरजेतही तसेच आहे. कृष्णेला पूर येतो तेव्हा कुणाच्या होडीत कुठल्या गावचा माणूस आहे, हे कुणी विचारत नाही.

मैदानाबद्दल

सगळ्यात मोठे नुकसान इथे होणार आहे आणि ते परत भरून येणारे नाही, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहोत.

नियमाप्रमाणे अकरा जणांच्या सामन्याला मैदान किमान 90 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद लागते. सर्वसाधारण माप 105 बाय 68 मीटर. त्याच्या चारी बाजूंना पळत आलेला खेळाडू थांबायला निदान तीन मीटर मोकळी जागा धरली, तर 111 बाय 74 मीटर जागा हवी. अर्धा भाग टर्फला गेला की उरलेल्यात 90 बाय 45 मीटरचे मैदान कुठल्याही दिशेने बसत नाही. म्हणजे मैदान अर्धे होत नाही, फुटबॉलसाठी ते संपते. आपल्या नकाशात उरलेल्या भागाला 'फुटबॉल मैदान' असे नाव दिले आहे. तिथे फुटबॉलचा अधिकृत सामना होऊ शकणार नाही.

टर्फला आमचा आकस नाही. पाच-पाच जणांना तासभर घाम गाळायला ती जागा चांगली आहे. पण तिथे चेंडू जाळीला लागून परत येतो, ऑफसाइड नसतो, लांब क्रॉस नसतो, चाळीस मीटरची धाव नसते. तिथेच वाढलेला मुलगा मोठ्या मैदानावर आला की विंगवर मोकळी जागा दिसूनही चेंडू तिकडे देत नाही, कारण तसे पाहायची सवयच लागलेली नसते. शिवाय आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापू शकतो. दुपारी तिथे सराव घेणे पोरांसाठी धोक्याचे आहे. आणि तासाला पैसे मोजावे लागतील, तेव्हा मागच्या पानांवरची पोरे तिथे येणारच नाहीत. टर्फ करायचाच असेल तर दुसऱ्या मोकळ्या भूखंडावर करा. 40 बाय 20 मीटरचा तुकडा शहरात कुठेही मिळतो, 111 बाय 74 मीटरचा मिळत नाही.

आता उरलेल्या वर्षभरात मैदानाचे जे होते ते. प्रदर्शन, सर्कस, सभा, फटाक्यांचे स्टॉल, लग्नाचे मांडव यांसाठी ते भाड्याने जाते. भाडे मिळते, ते कुठे खर्च होते हे आम्ही विचारत नाही. पण जाताना भाडेकरू काय ठेवून जातो, ते एकदा गोलसमोर खाली बसून पाहावे: मांडवाच्या खांबांचे वीतभर खोल खड्डे, त्यांत भरलेली खडी, खिळे, तारेचे तुकडे, बाटलीच्या काचा आणि चुलीखाली जळालेली जमीन. घसरून टॅकल करणाऱ्या खेळाडूची मांडी त्यावरून जाते. धनुर्वाताचे इंजेक्शन हा आमच्या क्लबांच्या खर्चातला नेहमीचा आकडा झाला आहे.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आपली जमीन काळी आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ओली असताना तिच्यावरून ट्रक गेला की मातीतली हवेची पोकळी दबून जाते. मग पाणी खाली मुरत नाही, वर साचते; गवताची मुळे वरच्या दोन बोटांतच राहतात आणि मार्चमध्ये गवत जळते. उरते ती कडक, भेगाळलेली जमीन. तिच्यावर चेंडू कसाही उसळतो आणि भेगेत बूट अडकला की घोटा पिरगळतो. यावर मुरूम टाकून रोलर फिरवला जातो. तो सगळ्यात वाईट इलाज आहे, कारण रोलरने माती आणखी दबते आणि मुरमावर कातडे सोलते. वाळूचेही तसेच. काळ्या मातीत वरवर थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होत नाही, विटेसारखी घट्ट बसते.

करायचे ते असे. पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीला लांबीच्या मधल्या आसापासून दोन्ही टचलाइनकडे शंभराला एक असा उतार द्यायचा. 68 मीटर रुंदीच्या मैदानात मधला भाग कडांपेक्षा 34 सेंटिमीटर उंच येतो. डोळ्याला तो जाणवत नाही, पण पाणी कडेच्या चरात उतरते. चर गाळाने भरलेले असतील तर उताराचा उपयोग नाही, म्हणून ते मेअखेर उपसायचे. दबलेल्या भागात, म्हणजे दोन्ही गोलसमोर, मधल्या वर्तुळात आणि सहायक पंच पळतात त्या पट्ट्यात, पहारीने किंवा काट्याने वीत-वीत अंतरावर दहा सेंटिमीटर खोल भोके पाडायची आणि त्या भोकांतच वाळू भरायची. मग पहिल्या दोन पावसांनंतर हरळीच्या गाठी असलेल्या काड्या ओळीत लावायच्या. हरळी आपल्याच बांधावरची, फुकट मिळते, उन्हाला टिकते आणि तुडवली तरी पसरत राहते. लावल्यावर दोन महिने मैदानावर कुणीही पाय ठेवायचा नाही. हे दोन महिने मिळत नाहीत, म्हणून दरवर्षीची लावणी फुकट जाते.

पाण्याचा हिशेबही सांगून ठेवतो. 105 बाय 68 मीटर म्हणजे 7140 चौरस मीटर. त्यावर दहा मिलिमीटर पाणी द्यायचे तर 71400 लिटर लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे सात टँकर. सामन्याच्या सकाळी एक टँकर शिंपडून धूळ बसते, गवत जगत नाही. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर मुरेल असे पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. त्यासाठी बोअर आणि कडेने पाइप हवा. कृत्रिम गवताच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. सामन्याआधीचे पाणी आदल्या संध्याकाळी द्यावे. सकाळी दिले तर काळी माती बुटांच्या स्टडना चिकटते आणि खेळाडू घसरतात.

रेघा आखायला चुनकळीचा चुना वापरू नये. ओल्या कातडीला आणि डोळ्यांना तो भाजतो. पडून उठलेल्या गोलकीपरचे डोळे त्याने लाल होतात. जळक्या ऑइलनेही रेघ ओढू नये, तिथे पुढे वर्षभर गवत येत नाही. पांढरी फक्की पुरते. रेघ 12 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. कोपरे काटकोनात आहेत का हे पाहायला तीन-चार-पाचचा दोरा आहेच, पण शेवटी कर्ण मोजावेत: 105 बाय 68 च्या मैदानाचे दोन्ही कर्ण 125.1 मीटर यायला हवेत. ते सारखे नसतील तर पेनल्टी क्षेत्र तिरके बसते. पेनल्टी क्षेत्र 40.32 बाय 16.5 मीटर, पेनल्टीची खूण गोलरेषेपासून 11 मीटरवर.

आणखी एक धोक्याची गोष्ट. आपल्याकडचे गोल उचलून ठेवायचे आहेत. ते मागच्या पाइपला जमिनीत खुंट्या ठोकून किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवायला हवेत. नुसता टेकवलेला लोखंडी गोल, पोर आडव्या दांड्याला लोंबकळले की पुढे कोसळतो. यात मुले दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. सामना नसताना गोल जाळीकडून भिंतीला साखळीने बांधावेत.

नव्या नकाशात टर्फच्या जाळीने मागचे फाटकही बंद होते. आज रुग्णवाहिका आत यायला तेवढीच वाट आहे.

वेळापत्रकाबद्दल थोडे

स्पर्धा मार्चअखेर संपवावी. त्यापुढे खेळवावीच लागली तर दोन्ही अर्धांत दीड ते तीन मिनिटांची थंडाव्याची विश्रांती नियमात बसते, ती पंचांनी द्यावी. कार्डांची नोंद, गोल करणाऱ्यांची नावे आणि निकाल त्याच रात्री फलकावर लावावेत. निलंबित खेळाडू खेळला की नाही, यावरचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

आमच्या मागण्या

क्लबांची साखळी स्पर्धा आहे त्या नावांनी पुढे चालू ठेवावी. लिलावाची लीग भरवायचीच असेल तर ती साखळी संपल्यावर, वेगळ्या तारखांना, आणि क्लबची लेखी संमती घेऊन भरवावी. खेळाडू तिथे जखमी झाला तर उपचाराचा खर्च लीगने द्यावा, हे करारात लिहावे.

सांगली-मिरज सामना वेळापत्रकात परत घ्यावा. वर दिलेल्या बंदोबस्ताची जबाबदारी दोन्ही बाजूंचे क्लब लेखी घ्यायला तयार आहेत. गोंधळ झाला तर ज्या बाजूने झाला त्या क्लबला पुढच्या सामन्याला प्रेक्षक आणू देऊ नयेत, ही अट आम्हीच सुचवत आहोत.

मोठ्या मैदानाची 111 बाय 74 मीटर जागा फुटबॉलसाठी कायम मोकळी ठेवल्याचा लेखी ठराव करावा आणि टर्फचा प्रस्ताव दुसऱ्या जागेवर न्यावा. जून ते सप्टेंबर मैदान भाड्याने देऊ नये. इतर महिन्यांत दिले तर अनामत रक्कम घ्यावी, ट्रक आत सोडू नयेत, आणि मैदान सोडताना क्लबच्या दोन माणसांसमोर लोहचुंबक फिरवून खिळे काढल्याशिवाय आणि खड्डे त्याच मातीने थराथराने ठोकून भरल्याशिवाय अनामत परत करू नये. हरळी लावायला, भोके पाडायला आणि फक्की मारायला माणसे आम्ही देतो. पाणी, पाइप आणि चर आपण द्यावेत.

या मागण्यांवर आपले लेखी उत्तर मैदानाच्या फाटकावरच्या फलकावर लावावे. त्यानंतर बैठक मैदानावरच घ्यावी, म्हणजे खड्डे, फाटक आणि मापे समोर दिसतील. बैठकीला सांगलीचे पाच आणि मिरजेचे पाच जण येतील. टेप आणि नकाशा आम्ही आणतो.

आपले,
सांगली आणि मिरजेच्या फुटबॉल क्लबांचे खेळाडू, पंच आणि पाठीराखे